शेळ्या मारणाऱ्या कुत्र्यांना ठार मारणे कायद्यात आणि नीतीत बसते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आरेतील आपल्या पाड्यावर गेल्या आठवड्यात चार-पाच कुत्र्यांनी रात्री वाड्यात शिरून दोन शेळ्या मारल्या आणि तिसरी जखमी केली. त्यांतल्या एकाच्या गळ्यात पट्टा होता, बाकीचे भटके होते. इंग्लंडमध्ये शेतकरी अशा कुत्र्याला गोळी घालू शकतो, मग आपल्याकडे तो गुन्हा का? मी मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत वकिली करतो आणि माझे मामा आरेतच शेळ्या पाळतात, त्यामुळे हा प्रश्न मला फायलीतूनही माहीत आहे आणि वाड्यातूनही.

कायद्याकडे वळण्याआधी त्या जखमी शेळीचे पाहा. चावा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. ते राहून गेले असले तरी तिला आजच पशुवैद्यकाकडे न्या आणि रेबीजच्या लसीचा क्रम सुरू करा. पहिला डोस शून्य दिवसाचा धरून पुढचे 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी देतात. जवळपास सोय नसेल तर परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहेच. 1883 पासून ते हेच काम करत आले आहे. ही शेळी इतक्यात कोणाला विकू नका, कापायला तर मुळीच देऊ नका आणि तिचे दूध वापरू नका. तिला उचलताना आपल्या हाताला ओरखडे असतील, तर पालिकेच्या रुग्णालयात जाऊन स्वतःलाही दाखवा.

आता मूळ प्रश्न. कुत्र्याला मारणे गुन्हा आहे की नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी आपण त्याला कधी मारले यावर ठरते. कुत्रा शेळीच्या मांडीला लोंबकळत असताना आपण काठी घातली आणि त्यात तो मेला, तर ते प्रकरण वेगळे. तोच कुत्रा दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीमागे झोपलेला असताना त्याच्या डोक्यात दगड घातला, तर ते वेगळे. पुष्कळांचा समज असतो की पहिल्या प्रसंगात खासगी बचावाचा हक्क कामी येतो. काटेकोरपणे पाहिले तर तसे नाही, कारण मालमत्तेच्या बचावाचा तो हक्क एखाद्याच्या गुन्हेगारी कृत्याविरुद्ध असतो आणि कुत्रा गुन्हा करू शकत नाही. अशा वेळी आधार मिळतो तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 चा : मोठे नुकसान टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू न ठेवता, प्रामाणिकपणे केलेले कृत्य निव्वळ हानिकारक आहे म्हणून गुन्हा ठरत नाही. मात्र धोका खरा आणि त्या क्षणी समोर उभा होता, आणि आरडाओरडा, पाणी, काठी या साध्या उपायांनी भागत नव्हते, हे आपल्याला दाखवता आले पाहिजे.

तो क्षण टळला की हा आधारही संपतो. त्यानंतर त्याच संहितेचे कलम 325 लागू शकते. नुकसान करण्याच्या हेतूने किंवा जाणिवेने प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, जायबंदी करणे किंवा निकामी करणे, यासाठी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत प्राण्याच्या किमतीची अट होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती राहिलेली नाही. शिवाय 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. त्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे हे वाचून लोक हसतात, पण पोलीस सहसा एकच कलम लावून थांबत नाहीत.

इंग्लंडचे म्हणाल, तर तिथली मोकळीक ऐकीव गोष्टींत सांगतात तेवढी ऐसपैस नाही. तिथल्या 1971 च्या प्राणी कायद्याचे (Animals Act) कलम 9 हा दिवाणी दाव्यातला बचाव आहे. कुत्रा हल्ला करत असला किंवा करण्याच्या बेतात असला आणि दुसरा उपाय नसला, किंवा हल्ला करून तो तिथेच रेंगाळत असला आणि कोणाच्या ताब्यात नसून त्याचा मालकही कळत नसला, तरच तो मिळतो; शिवाय 48 तासांत पोलिसांना कळवावे लागते. म्हणजे तिथेही कायद्याने हल्ल्याचा प्रसंगच मोजला आहे, नंतरचा राग नाही.

विषाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण पाड्यावर पहिला सल्ला नेमका तोच मिळतो. काही वर्षांपूर्वी मामांच्या तीन शेळ्या एका रात्रीत गेल्या. मी सकाळी पोहोचलो तेव्हा गाभण पाट (तरुण शेळी) दावणीलाच आडवी पडली होती, मागची मांडी हाडापर्यंत फाटलेली, आणि मांस मात्र जवळजवळ खाल्लेले नव्हते. गळ्यातली घंटा चिखलात रुतली होती. वनरक्षक आले, त्यांनी आधी नरडे चाचपले, तिथे सुळ्यांच्या खुणा नव्हत्या. पोट, मांड्या आणि कान जागोजागी फाटलेले पाहून त्यांनी हे बिबट्याचे काम नाही, कुत्र्यांचे आहे, असे सांगितले. बिबट्या बहुधा नरडे धरतो आणि शिकार ओढून नेतो. पाहता पाहता भरपाईची आशा गेली, कारण वन विभाग देतो ती भरपाई वन्यप्राण्यांच्या हल्ल्यासाठी असते.

त्याच संध्याकाळी शेजारच्या वाड्यातील एका गृहस्थांनी मेलेल्या शेळीच्या आतड्यांत विष कालवून झाडीत ठेवले. सकाळी मेले ते दोन पिल्ले आणि मामांच्या दारात झोपणारा, रात्री भुंकून आम्हाला जागे करणारा लंगडा कुत्रा. हल्ला करणारी टोळी आठव्या दिवशी पुन्हा आली आणि या खेपेला भुंकायला कोणी नव्हते. त्या गृहस्थांना पुढे पोलीस ठाण्याच्या किती फेऱ्या माराव्या लागल्या, हे मी पाहिले आहे. त्यांचे नशीब एवढेच की ते मांस बिबट्याने खाल्ले नाही. आरेच्या परिसरात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. विष खाल्लेला कुत्रा त्याच्या तोंडी लागला असता, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्याचा खटला उभा राहिला असता, ज्यात किमान शिक्षाच तीन वर्षांची आहे.

पट्टेवाल्या कुत्र्याबद्दल आपली बाजू त्या मानाने भक्कम आहे, फक्त कलम योग्य निवडायला हवे. न्याय संहितेचे कलम 291, म्हणजे पाळीव प्राण्याबाबतची बेफिकिरी, हे माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर इजा होण्याच्या धोक्यापुरते आहे, त्यामुळे केवळ शेळी मेली म्हणून ते आपोआप लागत नाही. मालकाने जाणूनबुजून कुत्रा अंगावर सोडला असेल तर कलम 325 उलट त्याच्यावर लागते. नुसती हयगय असेल तर मार्ग दिवाणी नुकसानभरपाईचा. त्याने पालिकेचा परवाना काढला आहे का, हेही विचारा. परवाना नसला की बोलण्यातला ताठा बराच उतरतो, असा माझा अनुभव आहे. शेळ्यांचे फोटो, पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि बाजारभावाचा पुरावा हाती असेल, तर असे वाद पुष्कळदा नोटिशीवरच मिटतात.

भटक्या कुत्र्यांचे गणित अवघड आहे. मुंबईत कुत्रे मारण्यावरून 1832 साली पारशी समाजाने दंगल केली होती, तेव्हापासून हा विषय या शहरात शांतपणे कोणी बोलत नाही. आज 10 मार्च 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत : पकडायचे, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. त्यामुळे टेम्पोत घालून दुसऱ्या वस्तीत नेऊन सोडणेही नियमाविरुद्ध आहे, आणि तसे केल्याने दुसऱ्याच्या शेळ्या धोक्यात येतात ते निराळेच. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांना या परत सोडण्यातून वगळले. आपल्यासाठी मोलाची ओळ तीच. पालिकेला 1916 वर कळवाच, पण लेखी अर्जही द्या. त्यात ‘कुत्र्यांचा त्रास होतो’ असे मोघम न लिहिता तारीख, वेळ, किती जनावरे मेली, कोणत्या रंगाचे किती कुत्रे होते, हे सारे लिहून ‘हे कुत्रे आक्रमक आहेत’ असे स्पष्ट म्हणा आणि पोच घ्या.

नीतीचे विचाराल तर माझे मत असे : हल्ला चालू असताना शेळीचा जीव वाचवण्यासाठी काठी उचलण्यात मला अनीती दिसत नाही. शेळी दावणीला आपण बांधली आहे, तिला पळायची सोय आपणच ठेवलेली नाही, तेव्हा तिच्या रक्षणाचे ओझेही आपल्यावरच येते. पण त्याच न्यायाने कुत्र्यांची ती टोळी कशावर पोसली जाते, हेही पाहावे लागेल. कोंबडीच्या दुकानातली आतडी रस्त्याच्या कडेला पडतात, कुठे मेलेले रेडकू झाडीत फेकले जाते, आणि मांसाची चटक लागलेले तेच कुत्रे महिन्याभराने वाड्यात उतरतात. गरिबाची शेळी कुत्र्याने मारली तर सरकारने तिची भरपाई का देऊ नये, हा प्रश्न मात्र मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. कुत्रे मारू नका म्हणणाऱ्या कायद्याने त्या आज्ञेची किंमत एकट्या शेळीवाल्यावर टाकली आहे.

मामांनी पुढे वाड्याची जाळी फूटभर जमिनीत गाडली, कारण कुत्रे वरून उडी मारण्याआधी खालून उकरतात. दाराला आतून कडी बसवली, करडे रात्री घरात घ्यायला सुरुवात केली आणि एका प्राणीसेवकामार्फत टोळीतल्या तीन माद्यांची नसबंदी करून घेतली. त्यानंतर दोनदा उकरल्याच्या खुणा दिसल्या, दोन्ही वेळा त्या जाळीपाशीच थांबलेल्या होत्या. आपला वाडा कुडाचा असेल तर आधी खालची बाजू तपासा. अर्जाचा मसुदा हवा असल्यास प्रतिक्रियेत कळवा, मी लिहून देईन.