ओ-एच दिसला म्हणून आम्लारी ठरत नाही

तुमचा प्रश्न रास्त आहे. सोडियम हायड्रॉक्साइड, इथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल या तिन्हींत ओ-एच, म्हणजे एकमेकांना जोडलेले ऑक्सिजन आणि हायड्रोजन, आहे, तरी पहिला आम्लारी, तिसरं आम्ल आणि मधलं जवळपास उदासीन. शिवाय अमोनियात तीन-तीन हायड्रोजन असून तो आम्ल कसा नाही, हेही तुम्ही विचारलंय. नुसत्या सूत्रातली अक्षरं मोजून हे कळणार नाही. रेणूची रचना कागदावर काढा, कोणता अणू कोणाला जोडलाय ते पाहा आणि स्वतःला विचारा: यातला हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून, नुसता प्रोटॉन होऊन निघून गेला, तर मागे उरलेला ऋणप्रभार कोण सांभाळणार?

1923 साली ब्रॉन्स्टेड आणि लावरी यांनी वेगवेगळं काम करून एकच व्याख्या दिली: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. हीच धरून चला. सोबत पीकेए (pKa) हा आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा लागेल. तो जितका लहान तितकं आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट.

आधी सोडियम हायड्रॉक्साइड बाजूला काढू. तिथे ओ-एच सोडियमला सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन, जोडलेलाच नाही. तो आधीपासून हायड्रॉक्साइड आयन आहे, ऋणप्रभार घेऊन प्रोटॉनची वाट पाहत बसलेला. म्हणून ओ-एच दिसला की त्याच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे ते बघायचं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखा धातू असेल तर ओ-एच अख्खा सुटतो आणि आम्लारी मिळतो. क्लोरीन, गंधक, नायट्रोजन असा अधातू असेल तर तो ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन ओढतो, ओ-एच बंध सैल होतो आणि हायड्रोजन सुटतो. सल्फ्युरिक आम्लातही दोन ओ-एच आहेत, फक्त ते गंधकाला जोडलेत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड या दोन टोकांच्या मध्ये पडतं, म्हणून ते आम्लातही विरघळतं आणि तीव्र आम्लारीतही.

आता इथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल. इथे जरा थांबा, कारण हे एकदा नीट उमगलं की पुढचं बरंच सोपं होतं. दोन्हींत ओ-एच कार्बनलाच जोडलाय. इथेनॉलचा पीकेए सुमारे 16, ॲसेटिक आम्लाचा 4.76. फरक अकरा अंकांचा, म्हणजे एकावर अकरा शून्यं इतक्या पटींचा! इथेनॉलमधून प्रोटॉन गेला तर सगळा ऋणप्रभार एकट्या ऑक्सिजनवर पडतो. ॲसेटिक आम्लात शेजारीच दुसरा ऑक्सिजन आहे, त्यामुळे प्रभार दोघांत वाटला जातो. ही वाटणी प्रत्यक्ष मोजता येते. ॲसेटिक आम्लाच्याच घराण्यातलं फॉर्मिक आम्ल घ्या. त्यात कार्बन-ऑक्सिजनचा एक बंध आखूड आणि एक लांब आहे. त्याचा प्रोटॉन काढून सोडियम फॉर्मेट केलं की दोन्ही बंध सारखे होतात, 127 पिकोमीटरचे. दुहेरी कोणता आणि एकेरी कोणता हे सांगताच येत नाही. रेझोनन्स म्हणतात तो हाच.

ऑक्सिजन वाढले की वाटणीही वाढते. हायपोक्लोरस आम्लाचा पीकेए 7.5 आहे, क्लोरस आम्लाचा सुमारे 2, आणि चार ऑक्सिजनवालं परक्लोरिक आम्ल तर अतितीव्र. ठोकताळा असा: ज्यांवर हायड्रोजन नाही असे ऑक्सिजन मोजा. दोन किंवा जास्त असतील तर आम्ल तीव्र, एक असेल तर मध्यम, एकही नसेल तर सौम्य. फॉस्फरस आम्लाचं सूत्र पाहून इथे हमखास फसायला होतं. तीन हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. म्हणजे तीन प्रोटॉन देणारं सौम्य आम्ल असणार, असं वाटतं. रचना काढली की दिसतं की एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला चिकटलाय, तो सुटत नाही. आम्ल दोनच प्रोटॉन देतं, आणि एक ऑक्सिजन मोकळा राहिल्याने तीव्रतेत फॉस्फॉरिक आम्लाच्या पंगतीत बसतं.

ओ-एच नसेल तिथे हायड्रोजन कोणाला जोडलाय ते पाहा. मिथेनचा पीकेए 50 च्या आसपास, अमोनियाचा 38, पाण्याचा 16, हायड्रोजन फ्लोराइडचा 3. आवर्तसारणीच्या ओळीत उजवीकडे जाताना विद्युतऋणता, म्हणजे अणूची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, वाढते आणि ऋणप्रभार पेलणं सोपं होतं. मात्र स्तंभात खाली उतरताना बंध किती घट्ट आहे हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून फ्लोरीनची विद्युतऋणता सर्वांत जास्त असूनही हायड्रोजन फ्लोराइड सौम्य आणि हायड्रोजन आयोडाइड तीव्र.

अमोनिया आम्लारी का, हे इथेच उलगडतं. त्याला हायड्रोजन सोडणं जड जातं, पण नायट्रोजनवर एकाकी, म्हणजे कोणत्याही बंधात न अडकलेली, इलेक्ट्रॉन जोडी मोकळी आहे आणि ती प्रोटॉनला धरते. मिथेनकडे अशी जोडीच नाही, म्हणून तो ना आम्ल ना आम्लारी. तरीही नायट्रोजन दिसला की डोळे झाकून ‘आम्लारी’ लिहू नका, ती जोडी खरंच मोकळी आहे का ते तपासा. ॲसिटामाइडमध्ये शेजारचा कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध ती ओढून घेतो, त्यामुळे तो जवळपास उदासीन. ॲनिलीनमध्ये ती बेंझिनच्या कड्यात गुंतते, म्हणून ॲनिलीन अमोनियाहून बराच सौम्य आम्लारी. आणि अमोनियम आयनात ती आधीच वापरली गेलीये, म्हणून तो सौम्य आम्ल.

सरावाला ग्लायसिन घ्या. एका टोकाला ॲसेटिक आम्लात असतो तोच कार्बोक्सिल गट, दुसऱ्या टोकाला अमोनियासारखा नायट्रोजनवाला अमिनो गट. कार्बोक्सिलचा प्रोटॉन कुठे जाईल? घरातल्या घरात, नायट्रोजनकडे. त्यामुळे घन ग्लायसिनमध्ये एक टोक ऋण आणि एक धन असतं, आणि रेणू एकमेकांना मिठाच्या स्फटिकातल्या आयनांसारखे धरून ठेवतात. ॲसेटिक आम्ल 16.6 अंश सेल्सिअसलाच वितळतं. जवळपास तेवढाच लहान असलेला ग्लायसिनचा रेणू 230 अंशांच्या पुढेपर्यंत घनच राहतो आणि मग वितळता वितळता त्याचं विघटन होतं.