रक्त घेताना नाम घ्यावं का?

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून रक्त घ्यायचं, ट्यूब लावायच्या, रिपोर्ट काढायचे. पेशंटचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. आमच्या घरात वारी आहे, पण पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात म्हणून मला आषाढीला रजा मिळत नाही. काम करताना नामस्मरण करू पाहते, तर हातातल्या कामाकडे दुर्लक्ष होतं. ना धड देवाचं होत, ना धड कामाचं. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी लॅबमध्येच झाली, म्हणून स्पष्ट सांगते. रक्त घेताना नामस्मरण करू नका.

‘दळितां कांडितां । तुज गाईन अनंता’ असं जनाबाई म्हणतात, ते खरंच आहे. पण जातं हाताच्या सवयीनं फिरतं, मन मोकळं राहतं. आपल्या कामात मनच लागतं. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं तर तापानं गळालेला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याचं नाव त्यालाच सांगायला लावायचं आणि लेबल त्याच्यासमोर चिकटवायचं. जांभळ्या टोपणाची ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करायची, खळखळ हलवायची नाही. तिथे हयगय झाली की रक्तात बारीक गुठळी धरते, मशीन प्लेटलेट कमी दाखवतं आणि डेंग्यूच्या दिवसांत एवढ्या एका आकड्यावर अख्खं घर हवालदिल होतं. आकडा फारच खाली आला, तर त्यावर विसंबून न राहता तुम्ही स्लाइड करता, प्लेटलेटचे पुंजके झालेत का ते मायक्रोस्कोपखाली बघता. पेशंटला याचा पत्ताही नसतो. माझ्या मते पूजा म्हणतात ती हीच.

हे माझ्या पदरचं नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आहे : ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ फुलं वेगळी आणायची नाहीत, आपलं कर्मच वाहायचं.

माढा तालुक्यातल्या अरणच्या सावतोबांचा ‘कांदा मुळा भाजी’ तर तुम्हाला पाठच असेल. त्याची पुढची ओळ मला जास्त जवळची वाटते : ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी’. नुसतं पीकच नाही, हातातली अवजारंसुद्धा पंढरीच! त्यात तुमची सुई आणि स्लाइडही आली. सावतोबा मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांची पुण्यतिथी असते, तेव्हा पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. रजा मिळाली नाही म्हणून वारी चुकली, असं तुम्ही तरी मनाला लावून घेऊ नका. नाम जाता-येता बसमध्ये घ्या, संध्याकाळी घरी हरिपाठ म्हणा. तिथे मन मोकळं असतं.

एक मात्र बघा. कामाकडे दुर्लक्ष होतं ते नामामुळेच, की रांग मोठी आणि हात दोनच म्हणून? दुसरं असेल, तर लॅबच्या मालकांशी बोला आणि डेंग्यूच्या हंगामापुरता तरी आणखी एक माणूस मागा. पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तेव्हा मागताना संकोच नको. ती अडचण ओवीनं सुटणार नाही.