टाकीत पांढरे किडे झालेत, काय करू?

प्रश्न : दादा, माझी दीड फुटी काचेची टाकी (अ‍ॅक्वेरियम) आहे, सहा महिने झाले, त्यात ३०-३५ चेरी श्रिंप (छोट्या शोभेच्या कोळंब्या), थोडं मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) आणि दोन नेराइट जातीच्या गोगलगायी. परवा रात्री पाणी प्यायला उठले आणि सहज मोबाईलचा टॉर्च मारला तर काचेवर केसासारखे पांढरे किडे, अंगावर काटाच आला. दुकानदार म्हणतो सगळं रिकामं करून गरम पाण्याने धुवा. पिल्लंही कमी झाल्यासारखी वाटतायत. मीठ टाकलं तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, धुऊन बिऊन टाकू नका हो. सहा महिन्यांची मुरलेली टाकी अशी धुतली की फिल्टरच्या स्पंजमधले, पाणी शुद्ध ठेवणारे चांगले बॅक्टेरिया जातात आणि मग किडे राहिले बाजूला, श्रिंपच मरायला लागतात. मीठही नको, किड्याला भारी पडेल एवढं मीठ टाकलं तर मॉस आणि श्रिंपलाही त्रास होईल.

पहिलं काम म्हणजे किडा ओळखायचा. पोरांच्या कंपासमधलं भिंग घ्या आणि रात्री दिवा बंद करून तासाभराने बघा. किडा पांढऱ्या दोऱ्यासारखा गोल असेल, पाण्यात सुटला की साप पोहतो तसा वळवळत जात असेल, डोकं कुठलं शेपूट कुठलं ते कळत नसेल, तर तो डेट्रायटस वर्म, गांडुळाच्या भावकीतला. तो वाळूत राहतो, सडलेलं खातो, श्रिंपला काही करत नाही. प्रत्येक टाकीत असतोच, फक्त दिसत नाही. एकदम ढिगाने काचेवर चढले तर समजायचं की खाली खाणं कुजतंय किंवा पाण्यात ऑक्सिजन कमी झालाय. याला औषध नाही, आपला हात आवरणं हेच औषध. ३०-३५ श्रिंप दोन तासांत संपवतील तेवढंच टाका, आठवड्यातून एक-दोन दिवस उपास घडवा, उकडलेला पालक किंवा दुधी टाकला असेल तर उरलेला त्याच संध्याकाळी काढा, वाळू सायफनने (नळीने घाण पाण्यासकट ओढून) साफ करा, पंधरा दिवसांत फरक दिसेल. आणि कोणी म्हणेल गप्पी सोडा, किडे खातील, तर खातील खरं, पण मग तुमच्या श्रिंपची पिल्लंही खातील.

पण पिल्लं कमी झालीत म्हणता, तिथे मला जरा शंका येते. किडा चपटा असेल, अजिबात न वळवळता काचेवरून तेल ओघळावं तसा सरकत असेल, डोकं बाणाच्या टोकासारखं तिकोनी आणि त्यावर दोन काळे ठिपके, तिरळं बघितल्यासारखे, तर तो प्लॅनेरिया. दहावीच्या विज्ञानात पुनर्जननाला ज्याची आकृती काढली होती तोच. हा मात्र शिकारी आहे, पिल्लं आणि नुकतीच कात टाकलेली मऊ श्रिंप धरतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा रागाने ब्लेडने काचेवरच चिरडत बसलो होतो, आता आठवलं की हसू येतं, कारण याचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचा नवा किडा होऊ शकतो.

थोडेच असतील तर सापळा लावा. छोट्या काचेच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडायची, श्रिंप आत जाणार नाही एवढी, आत चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा, रात्री ठेवायची आणि सकाळी उठल्या उठल्या काढायची. दुपारपर्यंत ठेवली तर चिकन सडतं आणि वासाने घरातले तुम्हाला टाकीसकट बाहेर काढतील. सापळ्याने संख्या कमी होते, मुळासकट जात नाहीत.

खूपच झाले असतील तर फेनबेंडाझोल, गुराकुत्र्यांचं जंताचं औषध. नुसतं फेनबेंडाझोलच हवं, कुत्र्यांच्या गोळ्यांत बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकत्र असतात, पाकिटावर वाचून घ्या. १८ बाय १२ बाय १२ इंचांची टाकी काठोकाठ ४२ लिटर, वाळू-दगड वजा जाता ३५ धरा. लिटरला साधारण ०.६ मिलिग्रॅम म्हणजे तुम्हाला २१ मिलिग्रॅम पुरे, १५० ची गोळी असेल तर कुटून तिचा सातवा भाग. ते पाण्यात नीट विरघळत नाही, बाटलीत कोमट पाणी घेऊन खूप हलवा आणि मग ओता. किडे मेले की पाणी खराब होतं, म्हणून एअर पंप चालू ठेवा, मेलेले सायफनने काढत राहा आणि तीन दिवसांनी ३० टक्के पाणी बदला.

आणि नेराइट आधी बाहेर काढा. हे औषध त्यांना मारतं, शिवाय लाकडात-स्पंजमध्ये मुरून राहतं. मी औषधानंतर महिन्याने नवीन नेराइट आणून सोडल्या होत्या, झालं ना सगळं म्हणून, आणि आठवड्यात दोन्ही उलट्या पडल्या. तुमच्या दोघींना कायमची वेगळी बरणी करा, असंच सांगेन.

तयार प्लॅनेरिया पावडरीही मिळतात, त्यातल्या काहींत चक्क सुपारीचा अर्क असतो. सुपारीतलं अरेकोलीन पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमीवरही द्यायचे. पण म्हणून श्रीवर्धनची रोठा सुपारी कातरून टाकीत टाकू नका, किती अर्क उतरला ते कळणार कसं?

प्रश्न : माझ्या श्रिंपच्या नाकाच्या टोकाला पांढरे बारीक केस आलेत, हलतात पण. बुरशी आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हलतायत ना, मग बुरशी नाही. तो स्कुटारिएला, श्रिंपच्या अंगावर राहणारा चिमुकला कृमी. एक कप टाकीचंच पाणी, त्यात एक मोठा चमचा बिनआयोडिनचं मीठ पूर्ण विरघळवा, श्रिंपला जाळीत घेऊन ३० सेकंद बुडवा, फार तर मिनिटभर, आणि लगेच परत सोडा. कात एरवी मी टाकीतच राहू देतो, श्रिंप खातात ती, पण या दिवसांत दिसली की उचला, अंडी तिच्यातच असतात. चार-पाच दिवसांनी परत बघा, केस दिसले तर परत बुडवा.