नवा प्रिंटर जोडताना

केबल लावायची घाई करू नका. आधी झाकण उघडून आत नीट बघा. वाहतुकीसाठी लावलेल्या रंगीत चिकटपट्ट्या अगदी कोपऱ्यातही असतात, एखादी राहिली तर आतला भाग अडकतो. यूएसबीने जोडणार असाल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) आधी टाकायचा, तो सांगेल तेव्हाच केबल लावायची. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, भलतीकडून अजिबात नको.

वायफायवर खरी अडचण वेगळीच. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. यादीत तुमचं नेटवर्क येत नसेल तर पहिलं हेच तपासा.

इंकजेट (शाईचे थेंब सोडून छापणारा) प्रिंटर असेल तर नोझल चेक, म्हणजे शाई नीट येते का ते दाखवणारं चाचणीचं पान, छापा. रेघा तुटक आल्या तरच हेड क्लीनिंग (शाई सोडणारा भाग साफ करणं) करा; त्यात शाई बरीच जाते.