बॅरिस्टर अंतुले मुसलमान होते म्हणून त्यांना घालवलं का?

तुमचा प्रश्न असा : महाराष्ट्राला आजवर एकच मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला, बॅ. अब्दुल रहमान अंतुले. ते मुसलमान होते म्हणून त्यांना घालवलं का, आणि तसा दुसरा कोणी पुन्हा त्या खुर्चीवर बसेल का?

मी मूळचा रायगड जिल्ह्यातल्या माणगावचा. आमच्याकडे त्यांना ‘मुस्लिम नेते’ असं म्हटलेलं मी लहानपणी ऐकलं नाही. ‘अंतुलेसाहेब’, नाहीतर नुसतं ‘बॅरिस्टर’. ते मुसलमान आहेत हे काय कोणाला माहीत नव्हतं? पण त्यांची ओळख सांगायची वेळ आली की आधी गाव यायचं. आंबेतचे. म्हसळा तालुका, सावित्रीच्या काठावर. त्या नदीवरचा आंबेत-म्हाप्रळ पूल आजही ‘अंतुल्यांचा पूल’ म्हणूनच सांगितला जातो.

१९२९ चा जन्म. लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि १९६२ ला श्रीवर्धनमधून आमदार झाले. या मतदारसंघात कुणबी, आगरी, कोळी, मराठे, कोकणी मुसलमान सगळेच. एका समाजाच्या मतांवर तिथे कोणी निवडून येत नाही. जिल्ह्यात झुंज असायची काँग्रेस आणि शेकापची (शेतकरी कामगार पक्षाची), आणि बोलणं व्हायचं रस्ता, एसटी, बंदर, पाणी याचं. त्यातून ते वर आले. पुढे वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, १९७६ ला राज्यसभेवर गेले.

मुख्यमंत्रिपद मिळालं ते वेगळ्याच कारणाने. १९७८ ला काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातले मोठमोठे पुढारी इंदिराबाईंना सोडून गेले. अंतुले राहिले. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि जूनमध्ये त्यांचा शपथविधी झाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारांच्या गटाबाहेरचा माणूस दिल्लीला हवा होता, असं माझं मत आहे. तेव्हा धर्म आड आला नाही, आणि धर्मामुळे खुर्ची मिळाली असंही नाही.

पुढचे जेमतेम एकोणीस महिने मात्र भरगच्च होते. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना, असे दोन नवे जिल्हे झाले. ओरोस-मालवणकडच्या माणसाला एका दाखल्यासाठी रत्नागिरी गाठायला लागायची, ते थांबलं. विधवा, अपंग, अनाथ यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना त्यांनी १९८० ला आणली. आमच्या आळीतली एक म्हातारी ‘निराधारचा पगार’ आला की पोस्टातून येताना आम्हा पोरांना शेंगदाणे द्यायची. ती योजना अजून चालू आहे.

आणि १९८१ च्या जानेवारीत कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मी तेव्हा पाचवीत होतो. वह्यांवरचं ‘जि. कुलाबा’ खोडून आम्ही ‘जि. रायगड’ लिहिलं. शिवाजी महाराजांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला देणारा मुख्यमंत्री आंबेतचा कोकणी मुसलमान होता. लंडनहून भवानी तलवार परत आणायची घोषणाही त्यांचीच. आज हे सांगितलं की तरुण मुलं माझ्याकडे बघत राहतात. तेव्हा आमच्या घरी कोणालाच त्यात नवल वाटलं नव्हतं, आणि मला त्या नवल न वाटण्याची फार आठवण येते.

आता ते का पडले, ते सांगतो. त्यांच्यावर माझा जीव आहे, तरी इथे आडपडदा ठेवणार नाही. ते आपल्या कारभारामुळे पडले. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. घर बांधायला सिमेंट हवं तर परवाना लागायचा, आणि कोणाला किती पोती द्यायची ते सरकारच्या हातात. अंतुल्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ काढलं. साहित्यिक-कलावंतांना मदत हा त्याचा हेतू. १९८१ च्या ऑगस्टअखेर पत्रकार अरुण शौरींनी इंडियन एक्सप्रेसमध्ये या प्रतिष्ठानाच्या देणग्यांचा पाढा वाचला. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला : बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा संबंध होता. अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्यात धर्म शोधणं हा त्या निकालावर अन्याय आहे. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, हेही लक्षात घ्या. टंचाई आणि परवाना एकत्र आले की कोणाचाही हात बरबटू शकतो, पण सही ज्याची, जबाबदारी त्याची.

याच प्रकरणात भाजपचे रामदास नायक यांनी केलेला फौजदारी खटला मात्र दहा वर्षं रेंगाळला. कायद्याची मुलं आजही ‘अंतुले’ हे नाव माणसापेक्षा निकालांसाठी ओळखतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ ला खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग केला आणि १९८८ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने आपलाच तो आदेश चुकीचा होता असं म्हटलं. डिसेंबर १९९१ च्या निकालात खटला वेळेत चालणं हा आरोपीचा हक्क असल्याचं मांडून त्याचे निकष घालून दिले. शिक्षा त्यांना कधीच झाली नाही.

कुलाब्याने (लोकसभा मतदारसंघाचं नाव जुनंच राहिलं होतं) त्यांना टाकलं नाही. १९८९, १९९१, १९९६ असे तीनदा ते लोकसभेत गेले, नरसिंह राव सरकारात आरोग्यमंत्री झाले. माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यानंतर सुरू होतं. १९९९ ला पक्षाने त्यांना औरंगाबादेतून उभं केलं. कोकणातला माणूस तिथे का? मुस्लिम मतं मोठी म्हणून, दुसरं कारण मला दिसत नाही. चंद्रकांत खैरेंनी त्यांना हरवलं. २००४ ला कुलाब्यात परतले आणि जिंकले. २००६ ला केंद्रात अल्पसंख्याक खातं नव्याने निघालं, त्याचे पहिले मंत्री अंतुले. काम चांगलंच होतं, मुलांच्या शिष्यवृत्त्या त्याच काळात सुरू झाल्या. पण जिल्हे घडवणारा माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी ‘त्यांच्या समाजाचा’ मंत्री झाला, हे मला तेव्हाही टोचलं होतं. डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ च्या मुंबई हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी शंका बोलून दाखवली. ते बोलणं चुकीचंच होतं. गृहमंत्र्यांच्या निवेदनानंतर त्यांनी विषय संपवला, पण तोवर त्यांच्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात आंबेत नव्हतं, श्रीवर्धन नव्हतं, फक्त धर्म होता. २००९ ला नव्या रायगड मतदारसंघात अनंत गीतेंनी त्यांना हरवलं. २ डिसेंबर २०१४ ला ते गेले. दफन आंबेतलाच झालं.

पुन्हा असं होईल का? अंतुल्यांनंतर महाराष्ट्रातून लोकसभेत मुस्लिम खासदार जायला २०१९ उजाडलं. ते एमआयएमचे इम्तियाज जलील, जागा तीच औरंगाबादची, हरले तेच खैरे, आणि फरक साडेचार हजार मतांच्या आत. २०२४ ला तेही पडले. त्या निवडणुकीत महायुती आणि महाविकास आघाडी, दोघींनी मिळून राज्यातल्या ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. श्रीवर्धनसारख्या जागेवरून एखाद्या कोकणी मुसलमान वकिलाला आधी कोणी तिकीट तरी द्यायला हवं.