मँचेस्टर युनायटेड एवढा पैसा ओतूनही का हरतो? आणि त्यांचे चाहते नेमके कोणावर चिडलेले असतात: खेळाडू, मॅनेजर की मालक?

चिडलेले सगळ्यांवरच असतात, फक्त वेळा ठरलेल्या आहेत. मॅच चालू असताना खेळाडूवर, संपल्यावर मॅनेजरवर आणि सीझन हातचा गेला की मालकांवर. रोनाल्डो-रूनीच्या काळापासून हा इंग्लिश फुटबॉल क्लब बघतोय, आणि माझ्या मते ही यादी उलटीकडून वाचायला हवी.

आधी तुमच्या प्रश्नातला "एवढा पैसा" बघू. २००५ साली अमेरिकेतल्या माल्कम ग्लेझरने क्लब साधारण ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि त्या कर्जाचा बोजा आला क्लबवरच. म्हणजे एखाद्याने चाळ विकत घ्यावी, कर्ज चाळीवरच काढावं आणि हप्ते भाडेकरूंच्या भाड्यातून फेडावेत, असा प्रकार. तेव्हापासून व्याज, कर्जफेड आणि लाभांश मिळून एक अब्ज पौंडांहून जास्त रक्कम बाहेर गेली. तिकिटं, टीव्ही आणि जर्सी यांतून आलेले पैसे.

म्हणून "ग्लेझर खर्चच करत नाहीत" ही आमच्यातल्या अनेकांची आवडती तक्रार मला अर्धवट वाटते. खर्च होतो, भरमसाट होतो, पण क्लबने स्वतः कमावलेल्या पैशातून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! मँचेस्टर सिटीच्या किंवा रशियन धनाढ्य अब्रामोविचच्या काळातल्या चेल्सीच्या मालकांनी निदान स्वतःच्या खिशातून घातले. (तो खिसा कुठे भरला, हा वेगळा वाद. तो इथे नको.)

मॅनेजर म्हणून फर्ग्युसन होता तोवर सगळं खपून गेलं. २००९ मध्ये रोनाल्डो ८ कोटी पौंडांना रियल माद्रिदला विकला, त्याच्या तोडीचा कोणी आणला नाही, तरी म्हातारा लीग जिंकत राहिला. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला आणि झाकली मूठ उघडली.

आता खेळाडूंकडे येऊ. कडेने खेळणारा फॉरवर्ड अँटनी २०२२ मध्ये आयाक्स या डच क्लबकडून जवळपास साडेनऊ कोटी युरोंना आला. उजवीकडे बॉल घ्यायचा, डाव्या पायावर आणायचा, आत वळायचं. समोरच्या बचावपटूला हे लवकरच पाठ झालं. शेरीफविरुद्धच्या मॅचमध्ये तर पठ्ठ्याने बॉल पायाशी ठेवून स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि पुढचा पास सरळ मैदानाबाहेर मारला. हाफटाइमला तो बाहेर. लोक तुटून पडले, आणि खोटं कशाला बोलू, मीही हात धुऊन घेतले. पण ती किंमत त्याने थोडीच लावली होती? सीझनच्या पहिल्या दोन्ही मॅच हरलेल्या, त्यातली ब्रेंटफर्डविरुद्धची ०-४ अशी, आणि ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत, बंद व्हायला आलेली. आयाक्सला समोरच्याची घाई दिसत होती, भाव चढणारच. मॅनेजर टेन हागला तो हवा होता कारण आयाक्समध्ये त्याच्याच हाताखाली खेळला होता, आणि वर बसलेल्यांपैकी कोणी "नाही" म्हटलं नाही. तोच अँटनी २०२५ च्या जानेवारीत लोनवर, म्हणजे उसना, स्पेनच्या बेटिसला गेला आणि त्या क्लबला पहिल्यांदाच युरोपियन फायनलपर्यंत नेण्यात त्याचा मोठा हात होता. पोग्बा, मॅग्वायर, सांचो या महागड्या खेळाडूंवरच्या शिव्याही बऱ्याचशा चोर सोडून संन्याशाला फाशी या जातीच्या.

मॅनेजरांचं तेच. फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. पुढे व्हॅन हाल, मोरिन्हो, सोलशार, टेन हाग, आमोरिम. प्रत्येकाची खेळायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे आधीच्याने घेतलेला माल पुढच्याच्या कामाचा नाही. टेन हागचा करार २०२४ च्या जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला घालवलं. तो आणि त्याचे सहकारी यांची भरपाई सुमारे १ कोटी पौंड. त्या सीझनला आम्ही पंधरावे आलो. माझ्या मते यातला एकही मॅनेजर बिनडोक नव्हता. क्लब कसा खेळणार हे ठरवणारं कायमचं कोणी वर नव्हतं, एवढंच.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट मिडफिल्डर मॅक्टॉमिनेची. लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला नापोलीला साधारण अडीच कोटी पौंडांना विकलं. पुढच्याच मे महिन्यात नापोली इटलीचा चॅम्पियन, हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि शेवटच्या दिवशी कालियारीविरुद्ध हवेत आडवं होत मारलेला त्याचा गोल. विकला का, तर त्यामागे वहीखात्याचं गणित आहे. ८ कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतलेल्या खेळाडूचे दरवर्षी १.६ कोटी खर्चात पडतात. दोन वर्षांनी तो ४ कोटींना विकला, तर वहीत ४.८ कोटी शिल्लक असल्यामुळे ८० लाखांचा तोटा दिसतो. अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य. जे येईल तो सगळा नफा. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगच्या, तेव्हाच्या नियमानुसार तीन वर्षांत साधारण साडेदहा कोटी पौंडांच्या वर तोटा झाला की कारवाई व्हायची. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले. पैशाला लगाम घालायला केलेला नियम, आणि विकली जातात घरची पोरं. चेल्सीने आपल्या अकादमीतला माउंट आम्हाला विकला, गॅलाघर ॲटलेटिकोला, त्यातही हेच गणित होतं.

चाहत्यांच्या ओरडण्याने काही होतं का? कधी कधी होतं. २०१० मध्ये लोक क्लबच्या मूळ न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर घालून यायचे. मिलानकडून खेळायला आलेल्या, आमच्याच जुन्या बेकहमनेही मॅच संपल्यावर एक गळ्यात घातला. ग्लेझर ढिम्म. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेली सुपर लीग, म्हणजे आमच्यासह युरोपातल्या बड्या क्लबांची वेगळी लीग, इंग्लंडमध्ये दोन दिवसांत गुंडाळली गेली, त्यात रस्त्यावर उतरलेल्या चाहत्यांचा वाटा मोठा. जर्मनीत तर २०२४ च्या सुरुवातीला प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे बॉल फेकून फेकून मॅच थांबवल्या आणि लीगला गुंतवणूकदाराचा करार सोडून द्यावा लागला. तिकडे क्लबमध्ये सभासदांच्या मतांना लीगच्या नियमानेच वजन आहे, हा फरक.

ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफ २०२४ मध्ये क्लबचा हिस्सेदार झाला तेव्हा वाटलं, मँचेस्टर भागातलाच माणूस आहे, त्याला कळेल. त्याने शेकडो कर्मचाऱ्यांना नारळ दिला, कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं, आणि २०२४-२५ चा सीझन चालू असतानाच उरलेली तिकिटं ६६ पौंडांना, मुलांना नि वृद्धांना सवलत नाही, असा फतवा काढला. फसलेल्या करारांचे पैसे कँटीनमधून वसूल करायचे!

आपण पुण्या-मुंबईत बसून बघणारे या सगळ्यात निर्दोष नाही. स्टँडमधल्या माणसाचा आवाज स्वस्त होतो तो आपल्यासारख्यांच्या सबस्क्रिप्शनमुळे आणि जर्सीमुळेच, असं तिथले जुने चाहते म्हणतात, आणि मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. मॅच मी अजूनही बघतो. जर्सी मात्र सुपर लीगच्या भानगडीनंतर घेतलेली नाही.