ढग चोर्ल्यावर, पाऊस कुठे?

पाऊस लांबला की आमच्याकडे येणारे प्रश्न पण एकाच वळणाचे होतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे आकाशाकडे आणि मोबाइलकडे आळीपाळीनं बघतायत, रडारचे स्क्रीनशॉट, विजांचं अ‍ॅप, सॅटेलाइटचं चित्र, आणि खाली एकच वाक्य, "आज येणार का?" मला पण हाच नाद आहे त्यामुळे कोणाला नावं ठेवणार नाही. या वेळी फक्त याच विषयाचे प्रश्न घेतलेत.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला रडारवर चोर्ला-खानापूरच्या बाजूला लालभडक ठिपके दिसतात. ते आमच्याकडे सरकताना पण दिसतात आणि म्हापशापर्यंत येईतो गायब. वारा सुटतो, धूळ उडते, लाइट जाते, पाऊस मात्र नाही. आमच्यावर कसला राग आहे? – एक वाचक, म्हापसा

राग नाही हो, भूगोल आहे. दुपारी घाट तापतो, समुद्रावरचा दमट वारा आत शिरून डोंगर चढतो आणि तिथे ढग उभे राहायला लागतात. म्हणून सगळ्यात आधी चोर्ला, अनमोड, मोलेची बाजू काळी होते. मग वर तीन-चार किलोमीटरवर वारा पूर्वेकडून असेल तर तो ढगांना आपल्याकडे ढकलतो. इथपर्यंत सगळं आपल्या बाजूनं. पण ढगाला जगायला खालून गरम दमट हवा लागते आणि किनाऱ्याकडच्या बार्देश, तिसवाडी, सासष्टीत तोपर्यंत जमिनीलगत समुद्रावरची गारशी हवा पसरलेली असते, ती वर उठायला मागत नाही. ढगाचा खुराक तुटला की तो किनाऱ्याकडे येता येता विरतो. घाटाजवळचं सत्तरी, धारबांदोडा, सांगे भिजतं आणि तुमच्या वाट्याला वरचा पसरलेला पांढरा-करडा थर येतो, ज्यानं नुसतं ऊन झाकलं जातं आणि उकाडा डबल.

आता त्या थंड वाऱ्याबद्दल, कारण त्यानं सगळेच फसतात. ढगातून पाऊस खाली यायला लागला की त्यातलं काही पाणी वाटेतच वाफ होतं, हवा एकदम गार होऊन जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. तो वारा ढगाच्या कितीतरी किलोमीटर पुढे धावतो. म्हणजे तुमच्या अंगणात आलेला वारा दुसऱ्या कोणाच्या तरी पावसाचा असतो, कपडे काढायला धावा पण बादल्या मांडू नका. हां, कधी कधी हाच वारा समुद्राच्या वाऱ्याला समोरासमोर भिडतो आणि त्या रेषेवर नवीन ढग उठतो, मग अर्ध्या तासात म्हापसा न्हाऊन निघतं आणि वाळपईवाले फोन करून विचारतात काय झालं. कुठे भिडणार हे आधी सांगता येत नाही, या नादातली मजा पण तीच.

आणखी एक, तुम्ही रडारचं कुठलं चित्र बघता ते तपासा. हवामान खात्याच्या पानावर बहुतेक लोक मॅक्स झेड उघडून बसतात. त्यात जमिनीपासून वरपर्यंत कुठल्याही उंचीवर जे सगळ्यात जोरदार आहे तेच रंगवलेलं असतं. सहा किलोमीटरवर गारा लटकत असतील तरी तुम्हाला लाल दिसणार, खाली रस्ता कोरडा असला तरी. त्याच चित्राच्या वरच्या आणि उजव्या कडेला पट्ट्या असतात, तिकडे कोणी बघतच नाही, खरी माहिती तिथे असते. ढग बाजूनं कापून दाखवलेला असतो, लाल भाग वर अधांतरी आहे की जमिनीपर्यंत उतरलाय ते कळतं. उतरलेला असेल तर पाऊस. अर्थात लांबच्या ढगाचा खालचा भाग रडारला दिसत नाही, कारण किरण वर वर जातो, शंभर किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरण पण साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. सॅटेलाइटचं चित्र बघताना त्यावरची वेळ बघा, ती यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ असते, आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवा. ग्रुपवर सकाळचं चित्र "आत्ताचं" म्हणून फिरतं ते वेळ न बघितल्यामुळेच.

माझ्या फोनवर उद्या ८०% पाऊस दाखवत होतं, मित्राच्या फोनवर २०%. दोघंही फोंड्यात, एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. कोण खरं? – कॉलेज विद्यार्थी, फोंडा

दोघांनी वेगवेगळी अ‍ॅप घातलीत बाबा, एवढंच. एक एका मॉडेलवर, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या गणितावर चालतं, दुसरं दुसऱ्यावर. मॉडेल नकाशाचे चौकोनी तुकडे करून हिशेब मांडतं. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची चौकट साधारण १३ किलोमीटरची, युरोपियन मॉडेलची ९ किलोमीटरची, आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली ती ६ किलोमीटरची. आता आपला गोवा पूर्व-पश्चिम साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे जीएफएसच्या नजरेला समुद्रापासून घाटापर्यंत पाचच चौकटी. वळवाचा ढग असतो पाच-दहा किलोमीटरचा. एवढा लहान ढग चौकटीतून निसटतो, मॉडेल अंदाजानं सांगतं की या भागात असे ढग होऊ शकतात. त्यामुळे टक्के बघून छत्री न्यायची की नाही एवढं ठरव, मॅचची वेळ ठरवू नकोस. दोन-तीन तासांपुरतं हवं असेल तर मॉडेल सोड आणि रडार बघ, आणि हवामान खात्याचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या काही तासांचा अंदाज बघ, तो दर तीन तासांनी येतो. मान्सून एकदा बसला की मात्र हीच मॉडेलं बऱ्यापैकी चालतात कारण तेव्हा पाऊस मोठ्या पट्ट्यात येतो.

आमच्या कुळागरात गेल्या आठवड्यात दोन दिवस धो धो पडला, पाटाला पाणी आलं. तरी बातम्यांत म्हणतात मान्सून आलेला नाही. मग हे काय होतं? रोपं लावायची का थांबायचं? – बागायतदार, सत्तरी

थांबा. भाऊ, तुमच्याकडे पडला तो वळीव. गडगडून आला, दुपारनंतर आला, पूर्वेकडून आला आणि तासाभरात उघडला, बरोबर ना? मान्सूनची लक्षणं नेमकी उलटी, तो पश्चिमेकडून येतो, रात्री-पहाटे पण पडतो, दिवसदिवस आभाळ खाली उतरलेलं असतं आणि गडगडाट जवळपास नसतोच. जुलैत धुवाधार पडतं पण वीज क्वचितच, कारण ते ढग बुटके असतात.

हवामान खातं पण नुसता पाऊस बघून मान्सून म्हणत नाही. केरळसाठी नियम आहे, १० मे नंतर ठरलेल्या १४ ठिकाणांपैकी ६०% ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला पाहिजे, शिवाय पश्चिमेचा वारा पुरेसा जोरदार आणि पुरेशा उंचीपर्यंत असला पाहिजे, आणि सॅटेलाइटवरून ढग दाट दिसले पाहिजेत. तिथून तो आपल्याकडे चढतो, साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात.

आणि जाहीर झाला म्हणजे मिळालाच असं पण नाही. २०२३ आठवा. केरळात ८ जूनला आला, आपल्याकडे ११ जूनला लागल्याचं जाहीर झालं, पण तेव्हा अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ बसलेलं, त्यानं वारे आणि ओलावा स्वतःकडे ओढून घेतला. वादळ १५ जूनला गुजरातला धडकलं तरी इकडे पावसानं जोर धरायला वेळ घेतला. मुंबईत मान्सून पोचला २५ जूनला आणि त्याच दिवशी दिल्लीत पण, असं त्याआधी १९६१ साली झालेलं. पुढे त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा निघाला, एल निनोचं वर्ष होतं ते. उलट २०२५ ला मे महिन्यातच येऊन बसला आणि लोकांची आंबे-काजूची कामं अर्धी राहिली. तेव्हा तारखेवर रोपं लावू नका. पश्चिमेचा वारा दिवसरात्र टिकला, अंजुण्याच्या बाजूला डोंगर सकाळपासून ढगात बुडालेले राहिले की मग खड्डे भरा. तोवर झरीचं पाणी जपून वापरा.

गोव्यात एवढा पाऊस पडतो तर मे महिन्यात टँकर का लागतो? एखादा चांगला वळीव झाला तर विहिरीला पाणी येईल का? – एक गृहिणी, केपे

पडतो खरा, सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, मराठवाड्यातल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. पण सगळा चार महिन्यांत, आणि घाटापासून समुद्र इतका जवळ की नदीला थांबायला जागाच नाही. जांभ्या दगडातून पाणी पटकन आत जातं आणि झऱ्यांतून पटकन बाहेर पण पडतं. साळावली, अंजुणे, तिळारी आणि ओपाचा प्रकल्प नसते तर आपण एप्रिललाच हात टेकले असते.

एका वळवानं विहीर भरत नाही बाय. पहिलं पाणी सुकलेली माती पिते. पण छपराचं गणित करून बघा, १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. तुमचं घर १०० चौरस मीटरचं असेल आणि २० मिलिमीटर पडला तर कौलांवरून २००० लिटर खाली येतं. थोडं वाया जाईल, पहिली दहा मिनिटं कौलं धुण्यात सोडून द्या, तरी पिंप भरून भांडी-झाडांचं भागतं. पागोळ्यांखाली पन्हळ लावायला प्लंबर बोलवायचा तर आत्ताच बोलवा, जूनमध्ये तो फोन उचलत नाही.

आमच्या ग्रुपवर रोज भांडण. एक म्हणतो ९० मिलिमीटर पडला, दुसरा त्याच वाड्यावरचा म्हणतो ४०. घरी नीट मोजता येतं का? – काही हौशी, डिचोली

येतं, आणि मोजाच, कारण वळवाच्या पावसात एका वाड्यावर पूर आणि पलीकडच्या वाड्यावर धूळ हे खरंच होतं, त्यामुळे दोघंही खरे असू शकतील. पण आधी भांडं बघू. ज्याचे ९० आले त्यानं बादलीत मोजले असणार, बादली वर रुंद खाली अरुंद, आकडा फुगतो. सरळ भिंतींची बरणी घ्या, पट्टी लावा, झालं. त्याहून बरं म्हणजे १६ सेंटीमीटर व्यासाचं फनेल बाटलीवर बसवा, त्याचं तोंड साधारण २०० चौरस सेंटीमीटर होतं, म्हणजे २० मिलिलिटर पाणी = १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापानं मोजा. उघड्यावर ठेवा, माडाखाली नको, छपराच्या कडेला तर अजिबात नको. झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट लांब.

वेळ सकाळी साडेआठ, हवामान खातं त्याच वेळी मोजतं. काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात, तुमची निम्मी भांडणं इथेच मिटतील. आणि "अतिवृष्टी" म्हणायची घाई नको, खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून त्याच्याही वरचा. तुमचा ४० वाला साधा मध्यम पाऊस आहे, आनंद व्हायला तेवढा पुरे.

माझा मुलगा विजा चमकायला लागल्या की मोबाइल घेऊन गच्चीवर पळतो. व्हिडिओ छान येतात म्हणतो. काय सांगू त्याला? – एक आई, मडगाव

खाली ओढा, मग बोला. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला शिकवा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तिसाच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पुढची आपल्या गच्चीवर पडू शकते, पाऊस नसला तरी. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप घाला, आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये कुठे विजा पडतायत ते दाखवतं, त्याचा नाद पण भागेल. व्हिडिओ खिडकीच्या आतून काढू दे, खिडकी बंद ठेवून. हेच काजूच्या बागेत, शेतात काम करणाऱ्यांना पण सांगा, झाडाखाली उभं राहायचं नाही, मोकळ्या पत्र्याच्या मांडवात पण नाही, काचा वर केलेली गाडी चालेल.

तुम्ही सगळे पाऊस पाऊस करताय, माझी कोकमाची सोलां अजून सुकायचीत, मिरच्या गच्चीवर आहेत, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचं, अर्धं काम बाकी. चार दिवस थांबायला सांगा त्याला. – एक आजी, पेडणे

आजी, तुमच्या बाजूनं पण लोक आहेत, आगरवाड्याचे मीठवाले तर तुमच्याहून जास्त घाबरलेत, एक सर आली की त्यांचं मीठ पाणी होतं. थांबायला सांगणं माझ्या हातात नाही, वेळ सांगतो. सकाळी अकरापर्यंत बिनधास्त वाळवा. बाराला एकदा पूर्वेकडे बघा, घाटावर कापसासारखे ढग दिसले तर काही नाही. दोनच्या सुमाराला त्यातला एखादा फुलकोबीसारखा सरळ वर चढत असेल आणि त्याचा माथा सपाट व्हायला लागला असेल तर मिरच्या आधी उचला, सोलां मागून, कारण मिरची भिजली की काळी पडते. पेडण्यापर्यंत ढग नाही आला तरी तो वारा येणार, आणि चादरीसकट सगळं शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. नातवाच्या मोबाइलवर रडार असेलच, त्याला गच्चीवर बसवा, उचलायला पण कामाला येईल.